मागच्या बाजूचा शेजारी

पुण्यात आमच्या इमारतीच्या मागे एक गल्ली आहे. गल्लीत चाळीसेक वर्षांची चार मजली सोसायटी आहे. तिथले एक काका डिसेंबर-जानेवारीत रोज अकराच्या सुमारास प्लास्टिकची खुर्ची उचलतात, गेटमधून बाहेर पडतात आणि गल्लीच्या टोकाला, जिथे ऊन असतं तिथे, जाऊन बसतात. आधी मला वाटायचं, कुणाची तरी वाट बघत असतील. एकदा भाजी घेऊन परतताना त्यांनीच हटकलं.

"तू पुढच्या नव्या बिल्डिंगमधली ना? कितवा मजला?"

"अकरावा, काका. भाड्याने राहते."

"म्हणजे आमचं ऊन तुझ्याकडे असतं."

हे ते अजिबात रागाने म्हणाले नाहीत. चुकून शेजारच्या घरात गेलेल्या पार्सलबद्दल बोलावं तसं म्हणाले. मला काय बोलावं सुचेना, तेव्हा तेच पुढे म्हणाले, "तक्रार नाही गं. सगळं नियमात बसतंय. प्लॅन बघून आलोय मी."

'सगळं नियमात बसतंय' हे वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते. आमच्याकडे वापरणारा वैतागलेला असतो आणि बनवणारा म्हणतो, "स्पेसिफिकेशनप्रमाणेच चालतंय." अशा वेळी कोड बघण्यात अर्थ नसतो, स्पेसिफिकेशन उघडून वाचावं लागतं. म्हणून मी ती नियमावली वाचायला घेतली. कायद्याचं माझं शिक्षण नाही. एखादी कादंबरी वाचताना आपण जे प्रश्न विचारतो तेच घेऊन बसले: यात बोलतंय कोण, पात्रं कोण आहेत आणि कोण असायला हवं होतं पण नाही?

पात्रपरिचय

पुस्तकाचं नाव 'एकत्रीकृत विकास नियंत्रण आणि प्रोत्साहन नियमावली'. डिसेंबर २०२० मध्ये राज्य सरकारने ती मंजूर केली. मुंबई महापालिका आणि काही मोजकी क्षेत्रं सोडली तर महाराष्ट्रभर हीच लागू आहे. त्याआधी गावोगावच्या नियमावल्या वेगळ्या होत्या. त्या एकत्र करणं हे मोठं आणि गरजेचं काम होतं, हे आधी मान्य करते. सोलापूरचा आर्किटेक्ट आणि नाशिकचा आर्किटेक्ट आता एकाच भाषेत बोलू शकतात.

नावातला 'प्रोत्साहन' हा शब्द मात्र जुना नाही. मुंबईची १९६७ ची आणि १९९१ ची नियमावली नुसत्या नियंत्रणाची होती. हा शब्द अलीकडच्या पिढीने जोडला, आणि पुस्तकाचा सूर त्यानेच ठरतो. पुस्तकातलं मुख्य क्रियापद आहे 'अनुज्ञेय राहील'. बाल्कनी अनुज्ञेय, तळघर अनुज्ञेय, जादा बांधकाम अधिमूल्य भरल्यास अनुज्ञेय. पाठोपाठ 'परंतु असे की' येतं, त्याच्या मागून आणखी एक 'परंतु'. परवानगी मागणारा आणि परवानगी देणारा यांच्यातला हा लांबलचक संवाद आहे. तिसरं कुणी खोलीत नाही.

सुरुवातीच्या प्रकरणात व्याख्या आहेत. छज्जा म्हणजे काय, पोटमाळा म्हणजे काय, कठडा, स्टिल्ट, इतकंच काय, आपल्या आजीच्या स्वयंपाकघरातला टांडसुद्धा तिथे आहे. ही यादी वाचताना मला खरंच मजा आली. घर किती बारकाईने बघितलंय! या यादीत 'शेजारी' नाही. टांडाला व्याख्या आहे, पण टांडावरचा डबा काढताना ज्याला हाक मारायची तो नाही.

कुणी म्हणेल, बांधकामाच्या नियमात शेजारी कशाला हवा? पण विचार करा, हे नियम आहेत कशासाठी? मोकळ्या माळावर एकटंच घर बांधायचं असतं तर बाजूला किती जागा सोडायची, हे सरकारने सांगायचं फारसं कारण नव्हतं. एकाच्या भिंतीचा दुसऱ्याच्या खिडकीशी संबंध येतो म्हणून हे पुस्तक लिहावं लागलं. ज्याच्यामुळे गोष्ट घडते, तोच गोष्टीत नाही.

रस्ता पुढे, शेजारी मागे

मग हे पुस्तक कुणाकडे बघून ठरवतं की कुठे किती उंच बांधायचं? रस्त्याकडे.

एफएसआय म्हणजे प्लॉटच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधकाम करता येईल तो आकडा. महापालिकांच्या हद्दीत, दाट जुन्या वस्तीच्या बाहेर, निवासी इमारतींसाठी २०२० च्या मूळ तक्त्यात पायाभूत एफएसआय सगळ्यांना सारखाच आहे: १.१०. पुढची चढण रस्त्याच्या रुंदीनुसार. रस्ता नऊ मीटरपेक्षा अरुंद असेल तर १.१० वरच थांबायचं. नऊ ते बारा मीटर असेल तर पैसे भरून ०.५० आणि टीडीआर विकत घेऊन ०.४०, म्हणजे एकूण २.००. तीस मीटर आणि त्याहून रुंद रस्ता असेल तर एकूण ३.००. टीडीआर म्हणजे दुसऱ्या कुणी रस्त्यासाठी किंवा बागेसाठी जमीन दिली, त्याच्या बदल्यात त्याला मिळालेला बांधकामाचा हक्क. तो विकता येतो आणि आपल्या प्लॉटवर आणून वापरता येतो. या सगळ्यावर जिने, लिफ्ट, बाल्कनी वगैरेंच्या नावाने निवासी इमारतीला अधिमूल्य भरून आणखी साठ टक्क्यांपर्यंत मिळतं.

आता हजार चौरस मीटरचे दोन प्लॉट घ्या. एक मोठ्या रस्त्याला लागून, दुसरा बरोबर त्याच्या मागे, सहा मीटरच्या गल्लीत. मध्ये फक्त एक कंपाऊंड भिंत. पुढच्यावर सगळं मिळून ४,८०० चौरस मीटरपर्यंत बांधकाम होऊ शकतं. मागच्यावर १,७६०. जवळजवळ पावणेतीन पट फरक, आणि तो सगळा एका विटांच्या भिंतीवर येऊन उभा राहतो.

रस्त्याची रुंदी बघणं चुकीचं नाही. माणसं वाढली की गाड्या, ॲम्ब्युलन्स, अग्निशामक बंब, कचऱ्याचा ट्रक हे सगळं रस्त्यावरूनच येणार. पण रस्ता असतो पुढच्या बाजूला आणि शेजारी असतो मागच्या बाजूला. रस्ता तीस मीटरचा आहे म्हणून मागच्या घरावरचं आकाश रुंद होत नाही. पुढचं माप घेऊन हे पुस्तक मागच्याची गोष्ट ठरवून टाकतं. आमच्या भाषेत सांगायचं तर या फंक्शनला प्लॉटचं क्षेत्रफळ, रस्त्याची रुंदी आणि इमारतीची उंची एवढेच इनपुट जातात. भिंतीपलीकडे काय आहे हा इनपुटच नाही. पलीकडे मोकळं मैदान असो, चार मजली सोसायटी असो की बैठी घरं असोत, उत्तर तेच येतं.

नियमाला उत्तर दिशा माहीत नाही

मागच्यासाठी काहीच नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. एक सूत्र आहे. इमारतीच्या बाजूला आणि मागे उंचीच्या एक पंचमांश जागा मोकळी सोडायची, जास्तीत जास्त बारा मीटर. म्हणजे ४५ मीटर उंच इमारत असेल, साधारण चौदा मजले, तर प्लॉटच्या हद्दीपासून नऊ मीटर.

हे ऐकायला भरपूर वाटतं. हिशेब करून बघू. मागच्या जुन्या सोसायटीने आपल्या बाजूने तीन मीटर सोडलेत असं धरा. दोन भिंतींमधलं अंतर झालं बारा मीटर. पुण्याचा अक्षांश साडेअठरा अंश. डिसेंबरच्या २१-२२ तारखेला भर दुपारी सूर्य दक्षिणेकडे, क्षितिजापासून सुमारे ४८ अंशांवर असतो. ४५ मीटरच्या इमारतीची सावली त्या वेळी उत्तरेला ४० मीटर पडते. बारा मीटरवरच्या चार मजली इमारतीची सगळी दक्षिण भिंत आणि गच्चीचाही मोठा भाग त्या सावलीत जातो. तळमजल्याच्या खिडकीला दुपारचं ऊन सप्टेंबरच्या मध्याला शेवटचं भेटतं, ते पुन्हा मार्च संपताना.

"अगं, पुण्यात उकाड्याने जीव जातो, सावली मिळाली तर वाईट काय?" असं माझ्या मैत्रिणीने विचारलं. वाईट हे की उकाड्यात ती मिळत नाही. मेच्या मध्याला पुण्यात शून्य सावली दिवस असतो, दुपारी सूर्य थेट डोक्यावर. तेव्हा चौदा मजल्यांची सावली इमारतीच्या पायाशीच गोळा होते. मे महिन्यात हवी तेव्हा नाही, डिसेंबरात नको तेव्हा आहे. काकांची खुर्ची डिसेंबरातच का बाहेर येते, ते मला या हिशेबातून कळलं.

हीच इमारत मागच्या सोसायटीच्या उत्तरेला असती, तर हिवाळ्यातलं त्यांचं ऊन जवळजवळ तसंच राहिलं असतं. इमारत तीच, अंतर तेच, नियम तोच, फक्त दिशा वेगळी. पण एक पंचमांश हे सूत्र चारी बाजूंना सारखंच लागतं. घर बघायला गेलो की आपण पहिल्यांदा विचारतो, "पूर्वेला काय येतं?" वास्तुशास्त्रावर विश्वास नसलेलेही विचारतात. नियमाला मात्र दिशा माहीत नाहीत.

साडेत्रेसष्ट अंश

हे नेहमी असंच होतं का? नव्हतं. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. अंधाऱ्या, कोंदट खोल्या हे रोगाचं कारण आहे असं तेव्हा मानलं गेलं, आणि १८९८ मध्ये बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दादर, माटुंग्याच्या जुन्या कॉलन्यांची आखणी त्याचीच. ट्रस्टचा एक नियम इमारती समजून घेणाऱ्यांमध्ये प्रसिद्ध आहे: साडेत्रेसष्ट अंशांचा. खोलीच्या समोर जी इमारत असेल तिच्या माथ्यापर्यंत खालून रेषा काढली तर ती जमिनीशी साडेत्रेसष्ट अंशांहून जास्त चढी असू नये. भूमिती आठवत असेल तर लक्षात येईल की या कोनाचा टॅन जवळजवळ दोन आहे. म्हणजे समोरची मोकळी जागा उंचीच्या निम्मी हवी. ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी १९१० च्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईतल्या घरांमधल्या उजेड-वाऱ्यावर व्याख्यान देऊन या नियमाची बाजू मांडली होती.

आमच्या उदाहरणातला कोन मोजला तर ७५ अंश येतो. साडेत्रेसष्टच्या नियमाने दोन भिंतींमध्ये बारा नाही, साडेबावीस मीटर हवे होते. हिवाळाभर ऊन तेव्हाही मिळालं नसतं, पण तळमजल्याला सप्टेंबर-ऑक्टोबरचा एक महिना आणि मार्चचा एक महिना परत मिळाला असता.

मला यात आकड्यापेक्षा जास्त महत्त्वाची वाटते ती रेषा कुठून काढली आहे ही गोष्ट. साडेत्रेसष्टची रेषा खालून, खोलीतल्या माणसाकडून वर जाते. एक पंचमांशाचं माप वरून, बांधणाऱ्याच्या उंचीकडून खाली येतं. पहिल्या नियमाला कथेच्या भाषेत दृष्टिकोन आहे: कुणीतरी खिडकीशी उभं राहून वर बघतंय. दुसऱ्यात खिडकीशी कुणी नाही.

जुन्या काळाबद्दल उसासे टाकायचे नाहीत. याच ट्रस्टने उजेड-वाऱ्याच्या नावाखाली गरिबांच्या वस्त्या पाडल्या आणि जितक्यांना हलवलं तितक्यांना घरं दिली नाहीत. खिडकीतल्या माणसाकडून बघणारा नियमही कुणाच्या खिडकीतून बघायचं ते निवडतो.

१८८२ मधला शेजारी

नियमावलीतून गायब असलेला शेजारी मला अखेर सापडला, तो फार जुन्या कागदात. भारतीय सुखाधिकार अधिनियम, १८८२. त्याचं पंधरावं कलम सांगतं की एखाद्या इमारतीला वीस वर्षं अखंड, विनातक्रार आणि सुखाधिकार म्हणून उजेड आणि हवा मिळत असेल, तर त्या उजेड-हवेवर तिचा हक्क तयार होतो. शेजाऱ्याने तो अडवला आणि त्याने भरीव नुकसान झालं, तर तेहतिसाव्या कलमानुसार दावा करता येतो.

हे वाचून मी थक्क झाले. काकांची सोसायटी चाळीस वर्षांची, म्हणजे हक्क दोनदा तयार होईल एवढा काळ झाला. एका कायद्याने त्यांचं ऊन त्यांचं आहे. दुसऱ्या नियमाने ते कुठे नोंदलेलंच नाही. दोन्ही एकाच वेळी जिवंत आहेत, आणि एकमेकांशी बोलत नाहीत.

प्रत्यक्षात जिंकतो कोण, हे सांगायला नको. पहिल्याचा रस्ता दिवाणी कोर्टातून जातो. वीस वर्षांचा पुरावा द्या, नुकसान भरीव असल्याचं दाखवा, वकील करा, तारखा घ्या. तोपर्यंत स्लॅब चढत राहतात. दुसऱ्याचा रस्ता महापालिकेच्या बांधकाम परवानगी विभागातून जातो, आणि तिथे नकाशा नियमात बसला की पुरे. मागच्या प्लॉटवाल्याला नोटीस पाठवायची पद्धत आपल्याकडे नाही. इंग्लंडमध्ये अर्ज आला की जागेवर २१ दिवस सूचना लावतात किंवा लगतच्या रहिवाशांना कळवतात. आपल्याकडे हरकती मागवतात त्या विकास आराखडा किंवा नियम बदलताना, सगळ्या शहरासाठी एकदाच. तेव्हा कुणाच्या मागे काय उभं राहणार हे कुणालाच माहीत नसतं. आणि ते उभं राहायला लागतं, तेव्हा विचारायची वेळ टळून गेलेली असते.

शेजाऱ्याच्या विरुद्ध

इथपर्यंत मी शेजाऱ्याची वकिली केली. आता दुसरी बाजू, कारण ती माझीसुद्धा आहे.

या शहरात घर शोधताना मला जितके नकार मिळाले, त्यातला एकही नियमावलीने दिला नाही. ते शेजाऱ्यांनी दिले. "एकट्या मुलीला देत नाही", "रात्री उशिरा येणं चालणार नाही", "आडनाव काय?", "नॉनव्हेज करता का?" हे सगळं जुन्या, झाडंबिडं असलेल्या, छान ऊन येणाऱ्या सोसायट्यांमध्ये ऐकलं. अखेर मला फ्लॅट मिळाला तो या नव्या चौदा मजली इमारतीत, जिथे कुणी कुणाला ओळखत नाही. ज्या इमारतीने काकांचं ऊन घेतलं, तिनेच मला छप्पर दिलं. मला हे विसरून लिहिता येत नाही.

शेजाऱ्याच्या हातात नकाराचा अधिकार दिला तर तो उजेडासाठी वापरेल की माणसं गाळण्यासाठी, याची खात्री कुणी द्यायची? आणि कमी बांधा म्हणणंही निरुपद्रवी नसतं. मुंबईने १९६४ पासून एफएसआय लावला आणि अनेक दशकं तो कमी ठेवला. १९९१ च्या नियमावलीत शहर भागासाठी तो १.३३ होता. घरांच्या टंचाईला इतरही कारणं होती, भाडेनियंत्रण कायदा त्यातलं मोठं. पण कागदावरच्या कमी दाटीने खरी दाटी कमी झाली नाही, ती झोपडपट्टीत गेली. २०११ च्या जनगणनेनुसार मुंबईत चाळीस टक्क्यांहून जास्त लोक तिथे राहत होते.

मराठी गोष्टींमधला शेजारी आठवा. 'बटाट्याची चाळ' शेजाऱ्यांच्या गर्दीशिवाय उभीच राहत नाही, आणि ते शेजारी प्रेमळ असतात तितकेच नाक खुपसणारेही. १९४१ चा व्ही. शांताराम यांचा 'शेजारी' पुण्यात प्रभातमध्ये तयार झाला. त्यात दोन म्हातारे जिवलग मित्र, एक हिंदू आणि एक मुसलमान, गावात धरण बांधायला आलेल्या माणसाच्या डावपेचामुळे दुरावतात आणि शेवटी धरण फुटताना हातात हात घेऊन मरतात. बांधकाम उभं राहताना शेजाऱ्यांना एकमेकांविरुद्ध उभं केलं जातं, ही गोष्ट त्या चित्रपटाने किती आधी सांगून ठेवली आहे! आज आमच्या गल्लीत डावपेच करायलाही कुणी लागत नाही. ते काम तक्ता करतो.

म्हणून माझी टीका 'फार बांधू देतात' अशी नाही. घरं हवी आहेत, खूप हवी आहेत, माझ्यासारख्यांनाच हवी आहेत. टीका ही आहे की नियमावली शेजाऱ्याला एकतर पूर्ण गायब करते, नाहीतर आपल्याला वाटतं त्याला नकाराचा अधिकारच द्यावा लागेल. यांच्या मधली जागा ती शोधतच नाही.

ती जागा असते. जपानने १९७६ मध्ये इमारत कायद्यात सावलीचा नियम आणला. तिथल्या अनेक निवासी भागांमध्ये ठराविक उंचीपुढच्या इमारतीला मोजून दाखवावं लागतं की वर्षातल्या सगळ्यात लहान दिवशी, सकाळी आठ ते दुपारी चार या वेळात, आपल्या हद्दीपलीकडे ठराविक अंतरावर आपण किती तास सावली टाकतो. तासांची मर्यादा ठरलेली. शेजाऱ्याला नकार देता येत नाही, पण तो हिशेबात आहे, आणि त्याचं एकक आहे तास. कुणाचं आडनाव काय, कोण भाडेकरू, हे त्या एककात शिरूच शकत नाही. मला हे फार आवडलं. यामुळे टोकियोत घरं बांधणं थांबलेलं नाही. आर्किटेक्ट इमारतीचा आकार बदलतात. मागे उतरती, पुढे उंच, वरचे मजले आत सरकलेले.

आपल्याला हे जमणार नाही असं काय आहे? मोठ्या रस्त्याकडे उंच आणि गल्लीकडे पायऱ्यापायऱ्यांनी उतरणारी इमारत काढता येते. उत्तरेच्या बाजूला जास्त आणि दक्षिणेला कमी अंतर ठेवून तेवढंच बांधकाम बसवता येतं. प्रत्येक प्लॉटवर पूर्ण बसेल असं नाही, पण प्रयत्न करायला नियमाने सांगायला हवं ना. डिसेंबरच्या दुपारचा सावलीचा नकाशा परवानगीच्या अर्जाला जोडायचा आणि मागच्या गेटवर चिकटवायचा, एवढं तर उद्या करता येईल. लॅपटॉपवर दहा मिनिटांचं काम आहे.

नऊ मीटरची वाट

मागच्या महिन्यात काका पुन्हा भेटले. या वेळी खुर्ची नव्हती, हातात फाईल होती. मी नियमावली वाचली हे मी त्यांना सांगून ठेवलं होतं, म्हणून त्यांना काही विचारायचं होतं.

त्यांची सोसायटीही रीडेव्हलपमेंटला जाणार आहे. लिफ्ट नाही, गळती आहे, काकूंचे गुडघे गेलेत. पण गल्ली सहा मीटरची, त्यामुळे टीडीआर नाही, आणि त्यामुळे बिल्डर येत नाही. २०२० मध्ये पुणे महापालिकेत सहा मीटरचे तीनशेहून जास्त रस्ते नऊ मीटर करायचा प्रस्ताव आला होता. नागरी संस्थांनी त्यावर जोरदार आक्षेप घेतला. ठराविकच रस्ते का, कुणासाठी, असे प्रश्न विचारले गेले. काका तेव्हा आक्षेप घेणाऱ्यांच्या बाजूने होते. आता त्यांना वाटतं, आपली गल्ली रुंद झाली तर बरं. दोन्ही बाजूंनी दीड-दीड मीटर द्यायचं, की झालं.

यात मला ढोंग दिसत नाही. अंधारात बसलेल्या माणसाला नियम एकच मार्ग दाखवतो: तूही वर चढ. ऊन परत मिळत नाही, फक्त पुढच्याकडून घेता येतं. पुढचा चढला की मागच्याने चढायचं, त्याच्या मागच्याने त्याची वाट बघायची. सावली एकेक प्लॉट मागे सरकवत न्यायची ही रांग आहे आणि रांगेच्या शेवटी तो असतो ज्याला चढताच येत नाही. काकांच्या सोसायटीच्या मागे, उत्तरेला, दहा-बारा बैठी घरं आहेत. पत्र्याची छपरं, दारात तुळस, दोरीवर कपडे. त्यांच्यापर्यंत जायला दीड मीटरची बोळ आहे. तिचा नऊ मीटरचा रस्ता कधीच होणार नाही.

मी काकांना एफएसआयचा हिशेब करून दिला. मग न राहवून म्हणाले, "काका, तुमची बिल्डिंग झाली की त्या मागच्या घरांचं ऊन तुमच्याकडे येईल."

ते थोडा वेळ त्या छपरांकडे बघत राहिले.

"त्यांना विचारायला पाहिजे, असं लिहिलंय का कुठे त्या पुस्तकात?"

"नाही, काका."

"मग कोण विचारणार?" असं म्हणून त्यांनी फाईल मिटली.